वादळाच्या मोसमातली भाजी: मॉरिशसमधल्या लहान शेतकऱ्यांसाठी नोव्हेंबर ते एप्रिलचा सल्ला

माझं रान मधल्या पठारावर, वाक्वा गावाच्या वरच्या अंगाला, मेव्हण्याचं पश्चिमेला मेदीनकडे, समुद्राच्या बाजूला. गाडीनं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. परवा सकाळी मी त्याला फोनवर सांगत होतो, की चरात पाणी साचलंय, निंदणीला पाय टाकवत नाही. तो म्हणाला, "दाजी, इथं मी ठिबकच्या नळ्या तपासतोय. ढग तुमच्याकडेच रिकामे होऊन येतात."

थट्टा असली तरी त्यात या बेटाचा सगळा भूगोल आला. वारा वर्षभर बहुतेक आग्नेयेकडून येतो. मधल्या पठारावर तो चढतो, गार होतो आणि तिथंच पाऊस सोडतो. पश्चिमेला उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो. वर्षाला पठारावर साधारण ४००० मिलिमीटर, पूर्व किनाऱ्यावर १५००, पश्चिमेला जेमतेम ९००. हे सगळं १८६५ चौरस किलोमीटरच्या बेटावर. म्हणून कोणी "दोडका कधी लावू?" असं विचारलं, की मी आधी उलट विचारतो, रान किती उंचीवर आणि डोंगराच्या कुठल्या बाजूला?

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या पंचांगाची. आपल्या आज्या-पणज्यांनी सातारा-रत्नागिरीकडून आणलेली मृग-आर्द्रा इथं उलटी पडतात. जूनमध्ये इथं हिवाळा. वर्षाच्या पावसातला सुमारे दोनतृतीयांश नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये पडतो खरा, पण नोव्हेंबर लागला म्हणजे पाऊस लागला असं समजू नका. ऑक्टोबर वर्षातला सगळ्यात कोरडा महिना, आणि त्याची ओढ नोव्हेंबर-डिसेंबरभर राहते. खरा जोर जानेवारीपासून, त्यातही फेब्रुवारी-मार्चला. नोव्हेंबर-डिसेंबर या दोन महिन्यांत पश्चिमेला आणि उत्तरेला पाण्यावाचून जेवढी रोपं जातात, तेवढी पुढं वादळातही जात नसतील असं मला वाटतं.

तेव्हा डिसेंबर संपेपर्यंत काम पाणी राखण्याचं. ऊसतोड डिसेंबरपर्यंत चालते, पाचट मिळतं. वाफ्यांवर चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून रोपवाटिकेला नुसत्या बाजूच्या आडोशाचा उपयोग नाही, वरून जाळी हवी. पाणी पहाटे द्या. उंच पिकाची किंवा गवताची वारारोधक ओळ आग्नेय बाजूला.

काय लावायचं? दोडका, पडवळ, दुधी, कारलं, भेंडी, वांगी यांना हा उकाडा मानवतो. बाजारात पिपंगाय, पातोल, कालबास, मारगोज, लालो, ब्रेंजेल अशीच हाक मारतात, ती नावं बियाणं घेतानाही लक्षात ठेवा. कोबी, फ्लॉवर, बटाटा थंडीसाठी ठेवा. पठारावर भर पावसात टोमॅटोचा मोह धरू नका. मर रोग आला, की हिरवं झाड दोन दिवसांत मान टाकतं आणि कुठलीच फवारणी कामी येत नाही. लावायचाच असेल तर गादीवाफा गुडघ्याएवढा उंच करा, आणि गेल्या वर्षी जिथं वांगी होती तिथं लावू नका.

वेलभाज्यांवर फळमाशी येणारच. सापळे लावा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली पडलेलं, डंख झालेलं फळ रोज उचला. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवलं, की आतल्या अळ्या मरतात. बांधावर फेकलेलं फळ म्हणजे पुढच्या पिढीचं पाळणाघर. लिचीला वटवाघळांसाठी जाळी लावायची ती फळ लाल होण्याआधी, मागून नव्हे.

आता दगडांबद्दल. इथल्या उसाच्या रानांमधले काळ्या दगडांचे ढीग सगळ्यांनी पाहिलेत. हा बेसॉल्ट, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंदच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानानं दख्खनचं पठार रचलं, त्याच स्थानावर पुढं मॉरिशस तयार झालं, आणि आज त्यावर शेजारचं रियुनियन बसलंय. पणजा साताऱ्याहून बोटीनं आला आणि पुन्हा त्याच दगडावर कुदळ मारत बसला, असं आमच्या घरी गमतीनं म्हणतात. कामाची गोष्ट एवढीच, की रानातले दगड वेचून चराच्या तोंडाशी रचू नका. जानेवारीच्या आत सगळे चर उतारापर्यंत मोकळे झाले पाहिजेत. राजधानी पोर्ट लुईत ३० मार्च २०१३ रोजी दोन तासांच्या आत १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि ११ माणसं गेली. तेव्हा चक्रीवादळाचा पत्ताही नव्हता.

आणि चक्रीवादळ. १९६० च्या फेब्रुवारीतलं कॅरोल आणि १९७५ चं जर्वेझ यांच्या गोष्टी घरोघरी आहेत. जर्वेझमध्ये वाऱ्याचे झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेले होते. अलीकडचं म्हणाल, तर १५ जानेवारी २०२४ ला बेलाल जवळून गेलं आणि राजधानीच्या रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. इथं ऊस एवढा का टिकला, त्याचं एक कारण हेच: तो आडवा होतो, पण पुन्हा उठतो. भाजी उठत नाही.

वादळ जवळ येईल तसे हवामान खात्याचे इशारे क्लासनं चढत जातात. पहिल्या क्लासची वॉर्निंग म्हणजे साधारण दीड-दोन दिवस हातात. लोक तेव्हा दुकानात पावासाठी रांग लावतात. तुम्ही रानात जा. तयार झालेलं, तयार होत आलेलं सगळं काढा. केळीचा घड तीन-चतुर्थांश भरला असेल तर उतरवा. बाकीच्या केळींची वरची तीन-चार पानं ठेवून उरलेली कापा आणि दोन बाजूंनी बांबूचे टेकू द्या. पपईचंही तसंच, पानं कमी तर वाऱ्याची पकड कमी. मांडवाच्या तारा ताणून पाहा. सैल तार करवतीसारखी वेल कापते. दुसऱ्या क्लासला हरितगृहाचं प्लॅस्टिक सोडून गुंडाळून ठेवा. "राहू दे, टिकेल" म्हणून ठेवलेलं प्लॅस्टिक सांगाड्यासकट शेजाऱ्याच्या रानात गेलेलं मी पाहिलंय. मोटर, खतं, औषधं उंचावर. शेळ्या पक्क्या गोठ्यात, मोकळ्या. तिसऱ्या क्लासला रान विसरायचं, दार लावायचं.

मध्येच वारा एकदम पडला, तर तो वादळाचा डोळा असू शकतो. कॅरोलचा डोळा बेटावरूनच गेला होता. शांत झालं म्हणून पीक पाहायला बाहेर पडू नका. वारा परत येतो, आणि उलट्या दिशेनं येतो.

वादळ सरल्यावर पहिलं काम फोटो काढण्याचं. एका वर्षी मी उत्साहानं दोन दिवसांत रान साफ केलं आणि नुकसानीची पाहणी करायला आलेल्या माणसापुढं दाखवायला काही उरलं नाही. चूक माझीच. त्यानंतर चर. मग किनाऱ्याजवळच्या रानांत पानांवरचं मीठ गोड्या पाण्यानं धुवा, शक्यतो त्याच दिवशी. वादळात पाऊस कमी आणि वारा जास्त असेल तर मिठानं पानं करपतात, तिसऱ्या दिवशी धुऊन उपयोग नाही. चिखलात उभ्या पिकाला लगेच युरिया टाकू नका. मुळं आधी श्वास घेऊ द्या. मोडलेल्या फांद्या धारदार कोयत्यानं साफ कापून तांबेयुक्त बुरशीनाशक फवारा. वांगी मुळापासून उपटली नसतील तर गुडघ्यावर छाटा, ती फुटतात.

मग बाजार. वादळानंतर हिरव्या भाजीचे भाव चढतात. मुळा, लाल माठ, कोथिंबीर आणि बाकीची ब्रेद, म्हणजे पालेभाजी, तीन-चार आठवड्यांत हाती येते, म्हणून सगळे एकाच दिवशी पेरतात. पाचव्या आठवड्यात त्याच जुडीला गिऱ्हाईक नसतं. तुम्ही रानाचे तीन तुकडे करा, आठ-आठ दिवसांनी पेरा. त्यासाठी लागणारं बी आताच घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी थोडी कोरडी राख घालून, घराच्या आतल्या खोलीत ठेवा. वादळानंतरच्या आठवड्यात बियाण्याच्या दुकानात काही मिळेल या भरवशावर राहू नका.

बांधाला चार-सहा कसावाही लावून ठेवा. फ्रेंच गव्हर्नर ला बुर्दोनेनं अठराव्या शतकात तो इथं आणला तो याच कामासाठी: वर सगळं झोपलं तरी याचे कंद जमिनीखाली शाबूत राहतात. मेव्हण्यानं गेल्या वर्षी लावला नाही. आता माझ्याकडून बेणं मागतोय.