नवशिक्याच्या हातात पहिलं पिस्तूल कोणतं द्यावं?

मे महिन्याचं शिबिर सुरू झालं की पहिल्या-दुसऱ्या दिवशीच कुणीतरी पालक मोबाइल पुढे करतात. पडद्यावर एखाद्या ऑलिंपिक पदकविजेत्याच्या हातातलं पिस्तूल असतं. “सर, हेच घेऊन टाकू का?” मी म्हणतो, “आधी पोराचा हात बघू द्या.” पालकांना वाटतं, सर टाळतायत. पण पहिलं पिस्तूल खरोखर हात बघूनच ठरतं. कंपनी, रंग, किंमत हे सगळं नंतर.

हा लेख शिकवणाऱ्यासाठी आहे. मग तो प्रशिक्षक असो, थोडंफार खेळलेला काका असो किंवा मुलीला रेंजवर आणणारी आई. आपल्याकडे पिस्तूल शिकायचं म्हणजे बहुतेक वेळा १० मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं पिस्तूल, म्हणून बोलणं मुख्यतः त्याबद्दल.

सुरुवात धक्का न देणाऱ्या पिस्तुलाने

काही घरांत परवान्याचं ०.३२ रिव्हॉल्व्हर असतं आणि “यावरच शिकव की” असा आग्रह होतो. तो मोडून काढा. एक तर परवाना ज्याच्या नावावर आहे त्याचंच ते हत्यार. दुसरं म्हणजे मोठा आवाज आणि हाताला बसणारा झटका पहिल्या पाच गोळ्यांत शरीराला एक खोड लावतात. बार होण्याच्या क्षणभर आधीच डोळे मिटतात, मनगट खाली झुकतं. ही खोड लागायला एक दुपार पुरते, सुटायला महिने जातात. माझ्याकडे एक कॉलेजकुमार आला होता, त्याने आधी कुठेतरी मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड नळीच्या, पिस्तुलाने दहा-बारा गोळ्या झाडल्या होत्या. दिवाळीपर्यंत तो एअर पिस्तुलाच्या फुसक्या आवाजालाही दचकत होता.

खोड आहे की नाही हे ओळखायची युक्ती सोपी आहे. छर्रा तुम्ही भरायचा. कधी खरंच भरायचा, कधी नुसतं भरल्यासारखं करायचं. शिकणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही आणि पिस्तूल दर वेळी भरलेलंच समजायचं. रिकाम्या बारालाही नळीचं तोंड खाली गेलं तर दोष मनगटाचा नाही, भीतीचा आहे.

छोटं पिस्तूल बायका-मुलांना बरं, हाही एक गैरसमज. गोळी तीच असेल तर पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का जास्त. अमेरिकेतल्या एका मराठी मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी तिला हेच सांगितलं. तिकडे रेंजवर पिस्तूल भाड्याने मिळतं, तर पर्समध्ये मावणारं ९ मिलिमीटरचं घेण्यापेक्षा रुगर मार्क फोर किंवा ब्राउनिंग बक मार्क यांसारखं चांगलं जड ०.२२, म्हणजे ०.२२ इंची बोअरचं, माग. आवाज कमी, धक्का नावाला आणि काडतूसही स्वस्त.

आपल्याकडे एअर पिस्तुलाची आणखी एक सोय आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीचं आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेचं हवेवर चालणारं हत्यार परवान्याशिवाय घेता येतं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते. म्हणून ते खेळणं ठरत नाही. सहा ज्यूल डोळा घालवायला भरपूर आहेत. चष्मा लावायचा, नळी कायम निशाण्याच्या दिशेला ठेवायची आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. हे पिस्तूल निवडण्याच्याही आधी शिकवा. लांबून ते खऱ्या पिस्तुलासारखं दिसतं, तेव्हा ने-आण बंद पेटीतूनच.

ग्रिप: इथे वेळ घालवा

ग्रिप म्हणजे पिस्तुलाची मूठ. इथे थोडं गणित करू. स्पर्धेच्या पिस्तुलात पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, आणि मागची साइट, म्हणजे खाच असलेली पट्टी, यांच्यातलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर असतं. निशाणा १० मीटरवर. समजा, नेम धरताना अख्खा हात तीन मिलिमीटर डावीकडे सरकला, पण दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या. छर्रा तीनच मिलिमीटर डावीकडे लागेल. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, म्हणजे गुण दहाच. आता हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळल्यामुळे पुढची साइट खाचेच्या मध्यापासून फक्त एक मिलिमीटर सरकली. छर्रा ३१ मिलिमीटर बाजूला जातो. दहाच्या जागी सात.

नवशिक्याला हात हलण्याची धास्ती असते. हात सगळ्यांचाच हलतो, पदकवाल्यांचाही. घात होतो तो मनगटाच्या कोनाने, आणि तो कोन सांभाळण्याचं काम ग्रिप करते. म्हणून दोन लाखांच्या पिस्तुलाची ग्रिप हाताला मोठी असेल, तर त्यापेक्षा नीट बसणारं जुनं पिस्तूल पोराला जास्त गुण देतं.

ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी येते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बहुधा लहान किंवा त्याहून लहान माप लागतं. बसते की नाही ते असं बघा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच ग्रिपवर जितकी वर जाईल तितकी वर नेऊन पिस्तूल हातात बसवा. तर्जनीचं पहिलं पेर सरळ मागे ओढता येईल असं चापावर टेकायला हवं. त्यासाठी बोट ताणावं लागत असेल तर ग्रिप मोठी. बोट चापापलीकडे दुसऱ्या पेरापर्यंत जात असेल तर एक तर ग्रिप लहान, नाहीतर चाप मागे-पुढे करून बघायला हवा. चांगल्या पिस्तुलात ती सोय असते. तळहाताखालची फळी हाताला अलगद टेकावी, चिमटा घेऊ नये.

मग माझी आवडती चाचणी. डोळे मिटायला सांगा. हात खाली, मग नेहमीसारखा वर नेमाच्या उंचीला. आता डोळे उघड. पुढची साइट खाचेत मध्यभागी दिसली तर ग्रिप जमली. दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर ग्रिपचा कोन बदला, किंवा हवं तिथे थोडा भराव द्या. मी स्वतः एम-सील लावून, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून कितीतरी ग्रिप बसवल्या आहेत. दिसायला भयाण दिसतात. फक्त रेंजच्या सामाईक पिस्तुलावर हे प्रयोग करू नका. पुढच्या तुकडीतल्या मुलीचा हात निराळा असतो. आणि भराव देताना स्पर्धेचा नियम लक्षात असू द्या: ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये.

जाता जाता डोळ्याचंही. दोन्ही हात पुढे करून तळव्यांच्या मध्ये छोटी खिडकी करा आणि तिच्यातून दूरची खुंटी बघा. एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खुंटी दिसत राहते तो सरस डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली म्हणून लगेच डावखुरं पिस्तूल घ्यायला धावू नका. रायफलमध्ये हा मोठा प्रश्न असतो. पिस्तुलात मान थोडी वळवून किंवा एका डोळ्यापुढे पट्टी लावून भागतं.

वजन

नियम दीड किलोपर्यंत मुभा देतो. बाजारातली बरीचशी पिस्तुलं ९०० ग्रॅम ते एक किलोच्या दरम्यान असतात. लहान मुलांसाठी आखूड नळीची किंवा हलकी मॉडेलं येतात. हॅमर्ली कंपनीचं एपी २० हे ९०० ग्रॅमच्या आतलं पिस्तूल त्यासाठीच बऱ्याच ठिकाणी दिसतं. आकड्यापेक्षा तोल बघा. वजन किंचित पुढे असलं की साइट स्थिर वाटते, फार पुढे गेलं की खांदा भरून येतो. हात लांब करून पिस्तूल २० सेकंद धरायला सांगा. शेवटच्या पाच सेकंदांत कंबर मागे झुकली किंवा खांदा कानाकडे चढला तर ते पिस्तूल आज त्याच्यासाठी जड आहे. सहा महिन्यांनी कदाचित नसेल. तोवर हाताखाली स्टँड किंवा टेबलावर उशी द्या. त्यात कमीपणा नाही.

चाप

एअर पिस्तुलात चापाचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेआधी पंच चापाला वजन टांगून तपासतात. चांगला चाप दोन टप्प्यांचा असतो: आधी मोकळी चाल, मग एक स्पष्ट अडसर, त्यावर थोडा दाब आणि बार. नवशिक्याला तो अडसर बोटाला स्वच्छ जाणवला पाहिजे. स्वस्तातल्या स्प्रिंगच्या पिस्तुलात चाप कचकच करत येतो, कधी सुटेल कळत नाही, मग मूल बोट झटकायला शिकतं.

चाप फार हलकाही करू नका. पहिल्या वर्षी मी ५०० च्या काठावर न ठेवता थोडा वरच ठेवतो. नाहीतर बोट टेकताच बार होतो.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने बघतो, ती म्हणजे छर्रा आणि हवा न वापरता नुसता चाप ओढून सराव करण्याची सोय. खऱ्या सरावाचा मोठा भाग असाच होतो, घरी, पांढऱ्या भिंतीसमोर. ज्या पिस्तुलात ही सोय नाही ते शिकवायला निम्म्याच कामाचं.

इलेक्ट्रॉनिक चाप की यांत्रिक? मॉरिनी कंपनीच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक चाप लोण्यासारखा चालतो, वादच नाही. पण तुमच्या गावात तो दुरुस्त कोण करणार? टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐनवेळी बिघाड झाला, बहुमोल मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात तिने कांस्यपदक घेतलं. तिच्यामागे तर अख्खा संघ होता. तालुक्याच्या गावात वॉशर फाटला तर पिस्तूल पार्सल करून आठवडे वाट बघावी लागते. म्हणून आपल्या रेंजवर ज्या कंपनीची पिस्तुलं जास्त आहेत, ज्यांचे सुटे भाग कुणाच्या तरी कपाटात पडलेले आहेत, तिकडे झुकतं माप द्या. स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी, सगळ्यांचीच स्पर्धेची पिस्तुलं उत्तम आहेत. नवशिक्याला त्यांतला फरक कळायला दोन वर्षं लागतात.

हवा कुठून येते

तरफ ओढून हवा दाबायची जुनी पिस्तुलं अचूक असतात, पण पुरुष-महिला दोन्ही गटांत स्पर्धा ६० छर्ऱ्यांची. लहान हात तिसाव्या तरफेलाच दमतो. कार्बन डायऑक्साइडवाल्या पिस्तुलाचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. जानेवारीतली सकाळ आणि मेमधली दुपार यांत छर्रा एकाच जागी पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून आता दाबलेल्या हवेचं सिलिंडर सगळीकडे आहे. ते २०० बार (दाबाचं एकक) पर्यंत भरतात. भरायची सोय रेंजवर आहे का, आधी विचारा. नसेल तर हातपंप घ्यावा लागेल, आणि त्यावर दमायची पाळी बापाची.

०.२२ कधी?

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून मुली थेट “मला ते वाजणारं पिस्तूल” असं म्हणत येतात. ते ०.२२ आहे, त्याला परवाना लागतो, चापाचा दाब किमान एक किलो असतो आणि शिकायचं तर क्लबच्या देखरेखीखालीच. एअर पिस्तुलावर साइट आणि चाप यांची सवय पक्की झाली की ०.२२ चा छोटासा धक्का कुणाला जाणवतही नाही. उलट्या क्रमाने आलेल्यांची गोष्ट वर सांगितलीच.

खरेदी शेवटी

पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका. रेंजची पिस्तुलं वापरू द्या, दोन-तीन ग्रिप हाताळू द्या. निम्मी मुलं दहावीच्या वर्षात येणं बंद करतात, हेही पालकांना स्पष्ट सांगा. स्पर्धेचं नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या बरंच पुढे जातं. घ्यायचंच तर रायफलकडे वळलेल्या किंवा खेळ सोडलेल्या एखाद्या सीनियरचं जुनं बघा.

जुनं घेताना सिलिंडरवरची तारीख सगळ्यात आधी वाचा. त्याचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात. मुदत उलटली असेल तर ते भरायचं नाही आणि नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करायची. चापाला वजन टांगून बघा. ग्रिपचा स्क्रू घट्ट बसतो का, साइट फिरवताना टिकटिक नीट ऐकू येते का, तेही बघा. मग पिस्तूल आधाराला टेकवून कुणा जाणत्याकडून एकाच कागदावर दहा सपाट तोंडाचे छर्रे मारून घ्या. सगळे मिळून एकच छोटं भोक पडलं पाहिजे. शिसं हाताळलं आहे, हात धुवा.

आणि एवढ्यावर पैसे देऊ नका. सिलिंडर भरून पिस्तुलाला जोडा, दाब दाखवणाऱ्या काट्याचा आकडा कागदावर लिहा, पिस्तूल रात्रभर कुलपात ठेवा. सकाळी काटा जागेवर असेल तरच व्यवहार. उतरला असेल तर कुठेतरी सील गेलंय, ते मालकालाच बदलून द्यायला सांगा.