नामिबियात गाडी चालवायला निघालात? मग हे उरकून घ्या

पहिले आरटीओचं काम, कारण लोक ते हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट एक वर्ष चालतं, अर्ज परिवहनच्या साइटवर होतो, नागपुरात गिरीपेठच्या ऑफिसात चक्कर पडली तर पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन्स सोबत ठेवा, आणि हो, नामिबियात ओरिजनल लायसन्सपण लागतं, परमिट एकटं कामाचं नाही. तिथे गाडी भाड्याने घेताना क्रेडिट कार्ड जो चालवणार त्याच्याच नावाचं पाहिजे, डिपॉझिट त्यावरच ब्लॉक करतात.

चालवायचं आपल्यासारखंच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, तर तिथे काही टेन्शन नाही. खरा खेळ आहे गिट्टीच्या रस्त्यांचा. डांबरी रस्त्यावर लिमिट १२०, समृद्धीसारखंच, पण राजधानी विंडहोकच्या बाहेर पडून सोसुसव्हलेकडे, म्हणजे वाळवंटातल्या लाल टेकड्यांकडे वळलं की डांबर संपतं आणि तोच वेग अंगात भिनलेला असतो, मग एखाद्या वळणावर ब्रेक दाबला की गाडी बर्फावर असल्यासारखी घसरते. ७०-८० च्या वर जाऊच नका, कितीही रिकामा दिसू दे रस्ता. टायरची हवा गिट्टीसाठी किती कमी करायची ते गाडी घेतानाच विचारा, स्टेपनी दोन मागा, आणि जॅक तिथेच उघडून एकदा लावून बघा. आम्ही नाही बघितला, मग पंक्चर झाल्यावर भर उन्हात मॅन्युअल वाचत बसलो. इन्शुरन्समध्ये टायर आणि काच धरलेत का तेही विचारा, बहुतेक वेळा नसतात.

पेट्रोल दिसलं की भरा, अर्धी टाकी असली तरी. वाटेतल्या सॉलिटेअर वस्तीला पंप आहे, पण पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका. थोडी कॅश ठेवा, दक्षिण आफ्रिकेचा रँडपण चालतो, नामिबियन डॉलरला एकास एक. पंपावर पोरगा भरून देतो, आपल्यासारखंच, त्याला थोडी टीप द्या. पाणी माणशी पाच लिटर तरी, मॅप ऑफलाइन उतरवून, कारण मध्ये तासनतास नेटवर्क नसतं.

आणि अंधार! मे-जूनमध्ये तिकडे हिवाळा, सव्वासहा-साडेसहालाच सूर्य बुडतो, म्हणून पाच-साडेपाचला मुक्कामी पोचायचा हिशोब धरा. कुडू म्हणजे आपल्या सांबराएवढं हरीण, हेडलाइटमध्ये थेट समोर उडी मारतं. पेंचकडे रात्री गाडी चालवलेल्याला हे वेगळं सांगायला नको, फक्त तिथे मदतीला ढाबा नाही. सोसुसव्हलेचे शेवटचे पाच किमी निव्वळ वाळू, फोर बाय फोर नसेल तर तिथली शटल घ्या, हिरोगिरी करू नका भाऊ.