शेवटच्या पंगतीलाही विचारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नवसाची कंदोरी, म्हणजे बोकड कापून गावजेवण, झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आशाताईंचा फोन आला, ‘सर, अर्ध्या गावाले हगवण लागली.’ मी पोहोचलो तेव्हा शाळेच्या वर्गात सलाइन लागल्या होत्या. ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, ‘मटन बाधलं जी.’ मीही वहीत तेच लिहिलं.

साथीच्या तपासाच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी हीच हकीकत आधी सांगतो, कारण माझी मोठी चूक इथे झाली. अख्खा दिवस मी फक्त आजाऱ्यांनाच विचारत राहिलो. आजाऱ्यांपैकी बहुतेकांनी मटण खाल्लं होतं. पण कंदोरीला आलेला माणूस मटण खाणारच. त्यातून काही सिद्ध होत नाही.

संध्याकाळी एका घरात तुळशीची माळ घातलेले आजोबा खाटेवर तापाने फणफणलेले दिसले. त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर वांग्याची भाजी झाली होती. मटणाला त्यांनी हातही लावला नव्हता. रात्री मी प्रश्नावली नव्याने लिहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरोघर फिरलो, आजाऱ्यांना आणि धडधाकट माणसांनाही तेच प्रश्न विचारले: कितव्या पंगतीत बसलात, पानात काय काय पडलं, कशाला हात लावला नाही. शेवटच्या पंगतीतली माणसं पोटभर मटण खाऊनही ठणठणीत होती. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘त्याईले कोशिंबीर पुरलीच नाई.’

मग स्वयंपाकाच्या बाईंनी जर्मनचं मोठं कोपर, म्हणजे भांडं, दाखवलं. सकाळी त्यात कच्चं मटण धुतलं, नंतर पाण्याने विसळून त्यातच काकडी-कांदा कालवला. मटण गंजात दोन-अडीच तास रटरटलं, कोशिंबिरीला मात्र विस्तव लागलाच नाही. आणि बोकडाच्या मालकाला विचारलं तेव्हा कळलं, बोकड चार दिवसांपासून पातळ हागत होता.

आता हिशेब कसा करायचा तो सांगतो. समजा, कोशिंबीर खाल्लेल्या ५० जणांपैकी ३० आजारी पडले आणि न खाल्लेल्या ४० जणांपैकी २. म्हणजे एकीकडे ६० टक्के, दुसरीकडे ५ टक्के, धोका १२ पट. असाच तक्ता प्रत्येक पदार्थाचा मांडायचा. ज्या पदार्थाच्या दोन्ही बाजू सारख्याच येतात, त्याच्यावरचा संशय कमी होतो. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिल्या रात्री तर वही-पेनच पुरतं.

वेळही बोलते. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर मी आधी स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या विषाचा विचार करतो. ताप आणि जुलाब साधारण १२ ते ३६ तासांनी आले तर सॅल्मोनेला जिवाणूचा, दोन ते पाच दिवसांनी आले तर कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूचा. म्हणून प्रत्येकाची जेवणाची आणि पहिल्या त्रासाची वेळ लिहिल्याशिवाय घरातून उठू नका.

नमुन्यांत मात्र आम्ही मागे पडलो होतो. आम्ही पोहोचण्याआधीच बऱ्याच जणांच्या पोटात प्रतिजैविकाच्या गोळ्या गेल्या होत्या, कोशिंबीर उरली नव्हती, कोपर राखेने घासून लख्ख झालं होतं. गोळी न घेतलेले शोधून त्यांच्या शौचाचे नमुने जिवाणू वाटेत टिकवून ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात, थंड पेटीतून पाठवले. त्यात सॅल्मोनेला उगवला. कोशिंबिरीचा पुरावा मात्र तक्त्यातलाच होता, म्हणून अहवालात मी ‘संभाव्य स्रोत’ असंच लिहिलं.

सगळ्या साथी एका पंगतीतून येत नाहीत. ब्रुसेला हा जनावरांकडून माणसात येणारा जिवाणू हळूहळू येतो, कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढताना. ताप दोन-चार आठवड्यांनीही येऊ शकतो. चढउतार करणारा ताप, घाम, सांधेदुखी, आणि टायफॉइडसाठीच्या विडाल रक्तचाचणीवर भरवसा ठेवून टायफॉइडचेच उपचार चालू असतात. अशा तापाच्या माणसाला मी एक प्रश्न हमखास विचारतो: ‘गोठ्यात यंदा किती शेळ्या गाभडल्या?’ उत्तर ‘दोन-तीन’ आलं की त्याच दिवशी पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करायचा आणि रक्त पाठवताना प्रयोगशाळेला ब्रुसेलाचा संशय आवर्जून कळवायचा, कारण तिथल्या माणसांनाही त्याची लागण होते.

शिक्षणाबद्दल थोडं. मी स्वतः पशुवैद्यक, नंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, केलं. पशुवैद्यकांना अनेकदा वाटतं की माणसांच्या साथी हा आपला प्रांत नाही. १८८५ मध्ये थिओबाल्ड स्मिथ यांनी शोधलेल्या जिवाणूला त्यांचे वरिष्ठ डॅनियल सॅल्मन यांच्यावरून सॅल्मोनेला हे नाव मिळालं, आणि सॅल्मन पशुवैद्यकच होते. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत दोन वर्षांचं एमपीएच आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची वाटही चांगली. जिल्ह्यातली बरीच पदं कंत्राटी असतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

अजून एक. त्या बाईंनी कोपर दाखवलं तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मुलगा दारात उभा राहून विचारत होता, ‘पोलीस येतीन का जी?’ मी वही मिटली, चहा मागितला आणि खाली बसलो. त्यानंतरच त्यांनी सकाळपासूनचं सगळं सांगितलं, पाणी कुठल्या विहिरीचं होतं इथपर्यंत. अहवालात त्यांचं नाव नाही. कच्चं मांस आणि कोशिंबीर एकाच भांड्यात, एवढंच लिहिलं आहे.