शेळीच्या लाळग्रंथी: मुंडीपासून स्लाइडपर्यंत

खाटकाकडून मुंडी घेताना कातडीसकट, न भाजलेली मागा. भाजलेल्या मुंडीत वरची पॅरोटिड ग्रंथी (कानाखालची लाळग्रंथी) शिजलेली असते, तिची स्लाइड करण्यात अर्थ नाही.

कानाच्या बुडाखालून जबड्याच्या कोनापर्यंत कातडीला उथळ छेद द्या. चघळण्याच्या स्नायूच्या मागच्या कडेला दाणेदार, खंडयुक्त पॅरोटिड दिसेल. तिच्या खाली, जबड्याच्या कोनाच्या आतल्या अंगाला मँडिब्युलर ग्रंथी असते. इथेच घोटाळा होतो: शेजारची लसिकागाठ (लिम्फ नोड) ग्रंथी समजून कापली जाते. गाठ गुळगुळीत असते, तिला खंड नसतात.

तुकडा ५ मिमीपेक्षा जाड नको. जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत फॉर्मॅलिन (ऊती टिकवणारे द्रावण) वेळेत पोहोचत नाही आणि पेशी आतून विरघळू लागतात. तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये २४ ते ४८ तास ठेवा. पुढे चढत्या तीव्रतेचे अल्कोहोल, झायलीन, सुमारे ६० अंशांचे पॅराफिन आणि ५ मायक्रॉनचे काप.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवल्यावर पॅरोटिडमध्ये जवळपास सगळीकडे सीरस (पातळ, पाणीदार लाळ बनवणाऱ्या) पेशी दिसतात: गोल केंद्रक, गडद तळ. मँडिब्युलर मिश्र असते, म्हणजे तिच्यात सीरस आणि श्लेष्मल (चिकट श्लेष्मा बनवणाऱ्या) अशा दोन्ही पेशी असतात. फिकट श्लेष्मल पेशींचे केंद्रक तळाशी चपटे झालेले, कडेला सीरस पेशींच्या चंद्रकोरी. शंका असेल तर पीएएस (पिरिऑडिक ॲसिड-शिफ) रंग वापरा, श्लेष्मा किरमिजी होतो. लाळ वाहून नेणाऱ्या रेघाळ नलिका ओळखायला सोप्या: उंच पेशी, तळाशी उभ्या रेघा.