परदेशाची फाईल लावण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास सोयाबीनचे पैसे हातात येतात, कापसाचा पहिला वेचा विकला जातो, आणि नेमकं तेव्हाच तालुक्याच्या चौकात नवे फलक झळकू लागतात. ‘कॅनडा वर्क परमिट, शिक्षणाची अट नाही.’ ‘दुबईत हेल्पर पाहिजेत, राहणं-खाणं फ्री.’ ‘आधी व्हिसा, मग पैसे.’ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पासपोर्ट, शिष्यवृत्ती, पीकविमा असे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्यामुळे बाहेर जायला निघालेली पोरं आधी माझ्याकडे येतात, आणि फसलेल्या घरांतली माणसंही कागदांची पिशवी घेऊन माझ्याचकडे येतात.

ही माणसं भोळी नसतात. बियाण्याच्या बॅगवरचा लॉट नंबर ती वाचतात, युरियासोबत दुसरं खत गळ्यात मारणाऱ्या कृषी केंद्रवाल्याशी भांडतात. पण परदेशाच्या बाबतीत तीच माणसं दोन-चार लाख न विचारता देऊन मोकळी होतात, कारण पैसे मागणारा ओळखीचा असतो. मेव्हण्याचा मित्र, गावातलाच मास्तर, एखाद्या पतसंस्थेचा माजी कर्मचारी. माणसाची खात्री पटली की कागद कोणी उलटून पाहत नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

ओळखीच्या माणसाच्या हाती फाईल देणे

“माह्या साळ्याचा पोरगा गेला ना दुबईले, तुमी कायले घाबरता?” असं सांगणारा माणूस दर वेळी लबाडच असतो असं नाही. कधी त्याचा स्वतःचा पुतण्याही त्याच रांगेत उभा असतो. पण तो साखळीतला शेवटचा माणूस असतो. त्याच्या वर तालुक्याचा एक, त्याच्या वर नागपुरातलं ऑफिस, त्याच्याही वर मुंबई किंवा दिल्ली. प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो आणि खरी नोकरी आहे की नाही हे खालच्याला ठाऊकच नसतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करायची तर परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या ‘प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स’कडे नोंदणी लागते. नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्यानेच काम करायचं. ‘सब-एजंट’ला या कायद्यात जागा नाही. म्हणजे गावातल्या त्या ओळखीच्या माणसाला तुमच्याकडून पैसे घ्यायचा अधिकारच नाही, मग तो कितीही भला असो.

नोंदणीकृत एजंटांची यादी ईमायग्रेट डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर आहे. तिथे नाव सापडलं म्हणून थांबू नका. परवाना चालू आहे, स्थगित आहे की रद्द झाला आहे, हेही पाहा. मग त्या यादीतला फोन नंबर लावून विचारा: अमुक देशात, अमुक मालकाकडे, अमुक कामासाठी तुमची भरती सुरू आहे का? तालुक्यात हा माणूस तुमचं काम करतो का? फोन व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर करू नका, कारण खऱ्या परवान्याचं नाव आणि नंबर उसना घेऊन धंदा करणारे पुष्कळ आहेत आणि कार्डावरचा नंबर त्यांचाच असतो.

भिंतीवरच्या फ्रेमा पाहून भुलणे

ऑफिसात गेल्यावर साहेबाच्या खुर्चीमागे चार-पाच फ्रेमा दिसतात आणि तो ‘आम्ही गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड आहोत’ म्हणतो. जवळ जाऊन वाचा. बहुतेक वेळा ती गुमास्ता नोंदणी असते, जीएसटी किंवा उद्यम प्रमाणपत्र असतं, नाहीतर आयएसओ. किराणा दुकानालाही गुमास्ता आणि जीएसटी मिळतो. त्यातल्या एकाही कागदाने परदेशी भरतीची परवानगी मिळत नाही.

शिक्षणासाठी पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीचं वेगळं आहे. उत्प्रवासन कायदा नोकरीच्या भरतीपुरता आहे, म्हणून त्यांच्याकडे हा परवाना नसेल. मात्र तो ‘कॅनडाच्या इमिग्रेशनचं काम करतो’ म्हणत असेल, तर तिथल्या ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेच्या जाहीर नोंदवहीत त्याचं नाव शोधा. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथली नोंदणी किंवा वकिलीची सनद लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्याही अशाच नोंदवह्या घरबसल्या पाहता येतात.

शिक्का दिसला की कागद खरा मानणे

एका बापाने मुलाचं ऑफर लेटर लॅमिनेट करून आणलं होतं. कॅल्गरीतलं हॉटेल, किचन हेल्परचं काम, महिन्याला साडेतीन हजार डॉलर. “एवढा शिक्का मारला आहे भाऊ, खोटं कसं राहीन?” ते म्हणाले. टेबलावर ठेवून आम्ही दोघांनी ते ओळ-ओळ वाचलं.

पत्त्यात कॅल्गरीच्या पुढे ओंटारियो लिहिलेलं होतं. कॅल्गरी अल्बर्टा प्रांतात आहे, आणि आपला प्रांत कोणता हे हॉटेलवाल्याला माहीत असतं. संपर्काचा ईमेल जीमेलवरचा होता. कामाचे तास, ताशी मजुरी, सुट्टी, राहण्याची सोय यांचा कुठे उल्लेख नव्हता. तिकडचा करार मात्र बहुधा ताशी मजुरीतच बोलतो. खाली गोल शिक्का: ‘एम्बसी ऑफ कॅनडा, न्यू दिल्ली’. दिल्लीत कॅनडाची एम्बसी नाहीच, हाय कमिशन आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हेही राष्ट्रकुलातले देश असल्यामुळे त्यांचीही दिल्लीत हाय कमिशनच आहेत. शिवाय कुठलंही हाय कमिशन खासगी हॉटेलच्या नोकरीपत्रावर शिक्का मारत बसत नाही. शेवटच्या ओळीत ‘परत मिळणारी सुरक्षा ठेव’ म्हणून रक्कम होती आणि ती भरायचं खातं होतं एका माणसाच्या नावाचं.

हे कळायला इंग्रजीचा प्राध्यापक लागत नाही. गावातल्या कॉलेजच्या पोरीला अर्धा तास बसवून पत्ता नकाशावर टाकायला सांगा, कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा ईमेल काढून तिथे थेट विचारायला लावा. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी असेल तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचं ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, ते मागा.

काही गोष्टी तर पत्र न पाहताच खोट्या ठरतात. अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड लॉटरी’त भारतात जन्मलेली व्यक्ती सहसा बसतच नाही. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंद केलं, तरी ‘यूके केअर व्हिसा’ विकणारे अजून फिरतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, ही बातमी खरी आहे. पण त्याच बातमीचं कात्रण दाखवून कोणी ‘सीट बुक करा’ म्हणाला तर पैसे द्यायच्या आधी जिल्ह्याच्या ‘डायट’मध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, जाऊन विचारा.

पैशाचा हिशोब न मागणे

नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. दोन्ही मिळून ३५,४०० रुपये. दुबईच्या हेल्परच्या जागेसाठी कोणी दीड लाख मागत असेल तर पुढचं बोलणंच नको. अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा आहे. कॅनडातही परदेशी कामगार घेण्यासाठी लागणाऱ्या ‘एलएमआयए’ची फी मालक भरतो, ती कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. ‘एलएमआयए विकत मिळेल, बारा लाख’ हे वाक्यच गुन्ह्याची कबुली आहे.

सरकारी फी किती असते याचाही अंदाज असू द्या. कॅनडाच्या स्टडी परमिटची फी १५० कॅनडियन डॉलर, बायोमेट्रिकचे ८५. कॅनडात कायमचं राहायला जाण्यासाठीच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’त प्रोफाईल टाकायला फी लागतच नाही. एजंटाने ‘एम्बसीची फी’ म्हणून लाख सांगितले तर फीची सरकारी पावती मागा.

‘आधी व्हिसा, मग पैसे’ हा बोर्ड सगळ्यात फसवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिसाचा फोटो येतो, मागोमाग फोन: “आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर कॅन्सल होते.” घरात पेढे वाटले जातात, सोनं तारण जातं, आणि फोटो खोटा निघतो. अर्जाचा क्रमांक मागा आणि तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. अस्सल व्हिसा एका संध्याकाळीत रद्द होत नाही. हमी म्हणून सही केलेले कोरे चेक, मूळ मार्कशीट किंवा सातबाऱ्यावर काही लिहून द्यायला सांगितलं, तर तिथून उठा.

रोख देऊ नका. कंपनीच्या नावाच्या खात्यात द्या, आणि कशाचे पैसे हे लिहिलेली पावती घ्या.

टुरिस्ट व्हिसावर कामाला जाणे

ही चूक जिवावर बेतते, म्हणून इथे जरा थांबतो. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. आखाती देश, मलेशिया, थायलंड धरून १८ देशांत कामासाठी जायचं तर त्यांना उत्प्रवासनाची मंजुरी लागते. ती टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो: “तिथं गेल्यावर कन्व्हर्ट होते.” तसं गेलेल्याचा करार कुठे नोंदलेला नसतो. २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी मिळणारा प्रवासी भारतीय विमा, दहा लाखांचं संरक्षण असलेला, तोही त्याच्या हाती नसतो. मालकाने पगार दिला नाही तर हा माणूस तिथल्या कायद्याने बेकायदा कामगार ठरतो.

शिकलेल्या पोरांसाठी सापळा वेगळा आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्री, डॉलरमध्ये पगार, विमानाचं तिकीटही कंपनीचं. बँकॉकला उतरल्यावर गाडीतून सीमेपार म्यानमारच्या म्यावाड्डी भागात नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन लोकांना लुबाडायच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. कंबोडिया आणि लाओसमध्येही हेच प्रकार घडले. रशियात ‘हेल्पर’ म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सैन्यात घातल्याच्या प्रकरणात सीबीआयने २०२४ मध्ये गुन्हा नोंदवला. आणि जंगल तुडवून अमेरिकेत शिरण्याची ‘डंकी’ आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात परत पाठवलेले १०४ भारतीय होते, त्यात महाराष्ट्रातलेही होते.

तिकीट फुकट, मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर, काम अस्पष्ट आणि पगार आपल्याकडच्या पाचपट. हे चारही एकत्र दिसले तर त्या पोराला घरातून निघू देऊ नका.

‘थोडं इकडचं तिकडं’ करायला होकार देणे

हॉटेलात कधी न राबलेल्या पोराला तीन वर्षांचं कुकचं अनुभवपत्र, वडिलांच्या खात्यात दोन आठवड्यांपुरते दाखवायला ठेवलेले पैसे, खोटं प्रवेशपत्र. एजंट म्हणतो, सगळेच करतात. अर्जावर सही मात्र तुमची असते. खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षं अर्ज घेत नाही, ब्रिटनमध्ये बंदी दहा वर्षांपर्यंत जाते, अमेरिकेत ती कायमची राहू शकते. २०२३ मध्ये पंजाबातल्या एका एजंटाने दिलेल्या खोट्या प्रवेशपत्रांमुळे कॅनडातले भारतीय विद्यार्थी शिक्षण पुरं करूनही हद्दपारीच्या नोटिसा घेऊन बसले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेतं.

अर्जात ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच द्या, पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत घेऊनच फी भरा. एजंटाचा ईमेल टाकला की सरकारचं प्रत्येक पत्र त्याच्याकडे जातं. नकार आला तरी तुम्हाला महिनोन्‌महिने ‘प्रोसेस सुरू आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

अनुसूचित जातीतल्या मुलामुलींना सांगायचं राहिलं. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज थेट समाजकल्याण विभागाकडे जातो. ‘मंजूर करून देतो’ म्हणून टक्केवारी मागणाऱ्याचा त्यात काही हात नसतो.

पैसे गेले असतील तर

गप्प बसू नका. गावात नाव जाईल म्हणून बाप तक्रार करत नाही आणि तोवर ऑफिसचं शटर खाली येतं. यूपीआय किंवा बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, त्याच दिवशी केला तर रक्कम मध्येच थांबण्याची आशा असते. व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं पुसू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा. बँकेचा उतारा, पावत्या, जाहिरातीचा फोटो, साक्षीदारांची नावं एका कागदावर तारखेनुसार लिहून काढा. मी अशा घरांना आधी हेच करायला लावतो, कारण ठाण्यात तोंडी सांगताना गोष्ट विस्कटते.

फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते, विश्वासघात ३१६ खाली. ‘ऑफिस नागपूरचं आहे, तिकडे जा’ असं ठाण्यात सांगितलं तर हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. नाहीच घेतला तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपा. नोकरीचं प्रकरण असेल तर ईमायग्रेटवरही तक्रार टाका. १८०० ११ ३०९० हा परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा निःशुल्क नंबर आहे.

पासपोर्ट एजंटाने अडवून ठेवला असेल तर तो परत लेखी मागा. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, तो दाबून ठेवायचा हक्क एजंटाला नाही. अर्धे पैसे परत देतो म्हणून तो स्टॅम्प पेपरवर ‘काही तक्रार नाही’ असं लिहून मागेल. पूर्ण रक्कम खात्यात पडल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, पाच हजार भरा’ असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा दुसरा माणूस समजा.

घरातलं कोणी तिकडे अडकलं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, मालकाचं नाव-पत्ता आणि तिकडचा मोबाईल नंबर लागतो. पोरगं विमानात बसण्याआधी हे सगळं एका कागदावर लिहून आईजवळ ठेवा.