माय फेअर लेडीची गाणी ऐकायला सुरुवात कशी करायची, आणि कुठल्या रेकॉर्डिंगपासून

माय फेअर लेडी म्हटलं की बहुतेकांना १९६४ चा ऑड्री हेपबर्नचा पिक्चर आठवतो, आणि आपल्या मराठी लोकांना त्याच्याही आधी पुलंची ती फुलराणी, कारण दोघांचं मूळ एकच, बर्नार्ड शॉचं पिग्मॅलियन. पण हे मुळात स्टेजचं म्युझिकल आहे, १५ मार्च १९५६ ला न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरमध्ये उघडलं आणि न्यूयॉर्कमध्ये एकूण २७१७ प्रयोग झाले. शब्द ॲलन जे लर्नरचे, संगीत फ्रेडरिक लोवचं. ते प्रयोग आता कुणालाच बघता येणार नाहीत पण त्याच नटनट्यांनी स्टुडिओत जाऊन गायलेला अल्बम आहे, त्यालाच कास्ट रेकॉर्डिंग म्हणतात, आणि माझं ठाम मत आहे की या नाटकाची खरी मजा पिक्चरपेक्षा त्या अल्बममध्ये जास्त आहे.

१. आधी बरोबर अल्बम शोधा

ॲपवर नुसतं माय फेअर लेडी टाकलं की ढीगभर अल्बम येतात, त्यामुळे नाव नका बघू, कलाकार आणि साल बघा. रेक्स हॅरिसन आणि ज्युली अँड्र्यूज अशी जोडी असेल तर ते स्टेजवालं. ऑड्री हेपबर्न दिसली की पिक्चरचा साउंडट्रॅक, त्यात नायिकेची, म्हणजे एलायझाची, बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात आहेत.

आता गंमत अशी की हॅरिसन आणि अँड्र्यूजची रेकॉर्डिंगं दोन आहेत. पहिलं १९५६ चं न्यूयॉर्कचं, मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. दुसरं १९५९ चं, लंडनला ड्रुरी लेन थिएटरमध्ये नाटक गेलं त्यानंतरचं, स्टिरिओ. पुष्कळ लोक स्टिरिओ आहे म्हणून दुसरं लावतात. तुम्ही पहिलं लावा. ते २५ मार्च १९५६ ला झालं, म्हणजे नाटक उघडून जेमतेम दहा दिवस झालेले, एका रविवारी, कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, जी जागा आधी चर्च होती. ज्युली तेव्हा फक्त २० वर्षांची. तालमींच्या वेळी तिला एलायझा सापडतच नव्हती म्हणून दिग्दर्शक मॉस हार्टने बाकी सगळ्यांना सुट्टी देऊन दोन दिवस फक्त तिच्याकडून एकेक ओळ घोटून घेतली होती, आणि ती मेहनत या अल्बममध्ये अगदी ताजी ऐकू येते. १९५९ मध्ये दोघंही सरावलेले आहेत, हॅरिसन तर शब्दांशी खेळत बसतो, छान वाटतं, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाण्याचा मूळ आकार १९५६ मध्ये जास्त स्वच्छ कळतो.

२. गोष्ट डोक्यात ठेवा आणि शफल बंद करा

फुलं विकणारी एलायझा, तिला बोलायला शिकवून उच्चभ्रू बाई बनवायची पैज मारणारा प्रोफेसर हिगिन्स, त्याचा दोस्त पिकरिंग, एलायझाचा बेवडा बाप डूलिटल आणि तिच्या प्रेमात पडलेला फ्रेडी. एवढं पुरे. गाणी क्रमानेच ऐका. पहिल्या वेळी लिरिक्स उघडू नका, नुसतं कानाने ऐका, दुसऱ्या वेळी शब्द समोर घ्या कारण लर्नरची यमकं वाचल्याशिवाय पूर्ण पकडता येत नाहीत.

नाट्यसंगीत ऐकून वाढलेल्यांसाठी एक सांगते. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट जरा थांबते, गायक रंगतो, वन्समोअर मिळतो. इथे तसं नाही, इथे गाणं संपेपर्यंत माणूस बदललेला असतो, म्हणून प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारा की सुरुवातीला हा माणूस कुठे होता आणि शेवटी कुठे आला.

३. पहिली फेरी एलायझाच्या उच्चारांची

हे सगळ्यात महत्त्वाचं, इथे घाई नका करू. वुडन्ट इट बी लव्हर्ली मध्ये ती थंडीत कुडकुडत एक उबदार खोली आणि खुर्ची मागतेय, सूर गोड पण बोली पक्की लंडनच्या गल्लीतली. मग जस्ट यू वेट लावा. यात ती हिगिन्सवर इतकी भडकलेली आहे की तो आजारी पडला, बुडायला लागला, तरी आपण ढिम्म हलणार नाही अशी स्वप्नं रंगवते, आणि शेवटी तर खुद्द राजा तिला काय हवं ते माग म्हणतो आणि ती हिगिन्सचं मुंडकं मागते. भक्ती बर्वेंचं तुला शिकवीन चांगलाच धडा ज्यांना पाठ आहे त्यांना हा राग लगेच ओळखीचा वाटेल. पण कान कशाकडे ठेवायचा, तर ह कडे. हेन्री हिगिन्स हे नाव तिच्या तोंडून एन्री इगिन्स असं येतं, एका नावात दोन ह आणि दोन्ही गायब! आणि मधेच राजाच्या दरबाराची कल्पना येते तिथे चाल कशी ऐटीत येते आणि तिचा आवाज मोठ्या घरच्या बाईसारखा व्हायला बघतो ते नीट ऐका.

लगेच पुढे द रेन इन स्पेन. तिला पहिल्यांदा उच्चार जमतो तो क्षण. त्यात हर्टफर्ड, हेरफर्ड, हॅम्पशर अशी ह ची माळच येते आणि ती सगळे ह बरोबर म्हणते, आणि तिघं आनंदाने स्पॅनिश ढंगाच्या तालावर नाचायला लागतात. त्यानंतर आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट, जे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात दुसऱ्या वेळी ती गात असताना घरातल्या बायका खालून झोप आता, उशीर झालाय असं गात असतात, ते हेडफोन लावून ऐका, म्हणजे तिचा आनंद किती मोठा झालाय ते कळतं. आणि शेवटी शो मी. तोपर्यंत बोली साफ झालीय पण राग परत आलाय, आता शब्दच नकोत म्हणते. लव्हर्ली आणि शो मी एकामागोमाग लावून बघा, एकच मुलगी आहे यावर विश्वास बसत नाही.

४. दुसरी फेरी हिगिन्सची

हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन गायक नव्हता. न्यू हेवन या गावी ट्रायआउटच्या, म्हणजे न्यूयॉर्कला जाण्याआधीच्या चाचणी प्रयोगांच्या, पहिल्या दिवशी पूर्ण ऑर्केस्ट्राबरोबर गायचं म्हटल्यावर तो इतका घाबरला की स्टेजवर येत नाही म्हणून बसला होता. तो तालावर बोलतो आणि सूर ऑर्केस्ट्रा सांभाळतो. म्हणून व्हाय कान्ट द इंग्लिश किंवा ॲन ऑर्डिनरी मॅन ऐकताना त्याच्या आवाजाबरोबर खालची वाद्यंही ऐका. मग सरळ शेवटच्या गाण्यावर या, आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टू हर फेस. एलायझा गेलीय आणि हा माणूस पहिल्यांदा सुरात जायला लागतो, मधेच चिडून परत बडबडतो आणि तिथे ऑर्डिनरी मॅनची चाल परत येते, म्हणजे जुना हिगिन्स अजून आत आहेच. मला या सगळ्या अल्बममध्ये हे गाणं सर्वात जास्त आवडतं.

बाकीची गाणी आपोआप आवडतात. डूलिटलची दोन्ही गाणी स्टॅनली हॉलोवेची, तो जुन्या इंग्लिश म्युझिक हॉलचा, म्हणजे गाणी आणि विनोदांच्या लोकप्रिय कार्यक्रमांचा माणूस, त्याला काही समजावून द्यावं लागत नाही. ॲस्कॉट गव्हॉट मात्र सोडू नका, घोड्यांच्या शर्यतीत श्रीमंत लोक किती उत्साहात आहोत असं अजिबात चेहरा न हलवता गातात. फ्रेडीचं ऑन द स्ट्रीट व्हेअर यू लिव्ह न्यू हेवनला कापलं जाणार होतं कारण हा गाणारा कोण हे प्रेक्षकांना आठवतच नव्हतं, मग लर्नरने त्याची सुरुवात नव्याने लिहिली आणि गाणं वाचलं.

५. मग एकच गाणं घेऊन रेकॉर्डिंगं लावून बघा

अख्खे अल्बम एकमेकांशी ताडत बसू नका, कंटाळा येईल. जस्ट यू वेट घ्या. १९५६, मग १९५९, मग पिक्चरमधलं, जिथे सुरुवातीचा रागाचा भाग हेपबर्नच्या स्वतःच्या आवाजात ठेवलाय आणि पुढे उंच सूर आले की निक्सन येते, बदल कुठे होतो ते शोधायला मजा येते. मग २०१८ चं न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरचं, लॉरेन ॲम्ब्रोज आणि हॅरी हॅडन-पेटन, यातली एलायझा जास्त जखमी वाटते आणि हिगिन्स वयाने तरुण आहे. ऑपेरावाली किरी ते कानावा आणि जेरेमी आयर्न्सचं १९८७ चं स्टुडिओ रेकॉर्डिंग पण आहे, आवाज अप्रतिम, पण गल्लीतली पोरगी मला त्यात सापडत नाही.

हौस असेल तर बर्लिनचं १९६१ चं जर्मन रेकॉर्डिंग शोधा, कारिन ह्युबनरचं. तिथे एलायझाला लंडनऐवजी चक्क बर्लिनची बोली दिलीय, आणि पावसाच्या गाण्यात पाऊस काढून स्पेनमधली फुलं आणि हिरवळ आणलीय कारण त्यांना घोटायचे उच्चार वेगळे होते. जर्मन येत नसेल तरी चालतं, तोपर्यंत गाणी पाठ झालेली असतात.