दिवाळी चार दिवसांची, डबा तीन आठवड्यांचा

दिवाळीत वजन वाढतं ते लक्ष्मीपूजनाच्या जेवणानं नव्हे. ते वाढतं तुळशीच्या लग्नापर्यंत ओट्यावर ठाण मांडून बसलेल्या डब्यामुळे. येता-जाता मूठभर चिवडा, चहाबरोबर चार शंकरपाळे, रात्री टीव्हीसमोर अर्धी चकली, आणि अर्धी तशीच कशी ठेवायची म्हणून उरलेलीही. त्यामुळे वसुबारसेला ‘यंदा मी गोडाला हातच लावणार नाही’ अशी शपथ घेण्यात अर्थ नाही. हिशेब त्याच्या आठ दिवस आधी, वाणसामानाची यादी करतानाच करावा लागतो.

अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तिथल्या नाताळाच्या सणासुदीत त्या लोकांचं वजन सरासरी ०.३७ किलोनं वाढलं होतं, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. गोम अशी की वाढलेलं ते वजन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उतरलंच नव्हतं. दरवर्षी एवढीच भर पडत गेली तर दहा दिवाळ्यांत साडेतीन किलोंच्या वर होतात.

आधी वजनकाटा आणि टेप

फराळाला सुरुवात करायच्या आदल्या दिवशी वजन लिहून ठेवा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. पाडव्याच्या सकाळी काटा एखाद किलो जास्त दाखवेल. ती चरबी नसते. खारट-गोड खाल्ल्यावर शरीर पाणी धरून ठेवतं, ते असतं. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त लागतात. एका रात्रीत तेवढं कुणी खात नाही. तेव्हा एका दिवसाच्या आकड्यानं घाबरून दुसऱ्या दिवशी उपास करू नका. संध्याकाळी भुकेनं डबा उघडला जातो आणि उपासाचं सगळं वसूल होतं.

कंबर मोजताना पँट बांधतो तिथे टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मापा. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी मानतात. ही रेषा ओलांडलेली असेल तर वजन ‘बरोबर’ असूनही पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

किती करायचं

चार माणसांच्या घरात पाच पदार्थ प्रत्येकी किलोभर करायची चाल एकत्र कुटुंबाच्या काळातली. आता प्रत्येकी अर्धा किलो पिठाचं पुरतं, पाहुणे धरूनसुद्धा. शेजारी डबे दिले की फराळ कमी होतो, या भ्रमात राहू नका. आपल्याकडे डबा रिकामा परत येत नाही.

बेसन लाडूचा हिशेब करून पाहा. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर. बेसनाच्या साधारण १,८५०, तुपाच्या २,२५०, साखरेच्या १,६०० अशा मिळून ५,७०० कॅलरी. ४० ग्रॅमचे लाडू वळले तर २८ होतात, म्हणजे लाडवामागे २००. तोच लाडू २५ ग्रॅमचा, सुपारीपेक्षा थोडा मोठा वळला तर १२५. चव तीच. आणि माणूस लाडू मोजून खातो, वजन करून नाही, त्यामुळे लहान वळणं हा सगळ्यात सोपा आणि कुणाच्या लक्षातही न येणारा उपाय आहे. करंजीलाही तेच: छोटी पारी, कातणं फिरवून लहान आकार. तूप मात्र फार कमी करू नका. बेसन कोरडं भाजलं जातं, लाडू टाळूला चिकटतो, मग तो कुणी खात नाही आणि भरपाईला दुकानातून मिठाई येते.

तळणीत तेल कुठून जातं

तळण्याच्या आधी तेल वजन करून कढईत ओता. सगळं झाल्यावर तेल गार करून पुन्हा वजन करा. जो फरक येईल तो आणि मोहन मिळून तुमच्या फराळात गेलेलं तेल. समजा अर्धा किलो भाजणीच्या ३५ चकल्या झाल्या आणि २०० ग्रॅम तेल कमी भरलं, तर एका चकलीत जवळपास ६ ग्रॅम तेल आहे, म्हणजे नुसत्या तेलाच्याच ५० कॅलरी. हा आकडा खाली आणता येतो, आणि त्याला एअर फ्रायर लागत नाही.

पहिली चूक मोहनात होते. एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल पुरे. ‘खुसखुशीत होऊ दे’ म्हणून दोन घातले की चकली तेलात विरघळायला लागते, तिला चिरा पडतात आणि प्रत्येक चिरेतून ती तेल पिते. उलट मोहन अगदीच कमी पडलं की चकली दगड होते.

दुसरी चूक तापमानाची. तेल १७० ते १८० अंशांच्या दरम्यान हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाका. ती तळाशी जाऊन तीन-चार सेकंदांत बुडबुडे सोडत वर आली पाहिजे. तळाशीच बसून राहिली तर तेल थंड आहे. अशा तेलातली चकली चमकते आणि हाताला चिकट लागते. टाकताक्षणी वर येऊन लाल झाली तर तेल जास्त तापलंय. चकली बाहेरून तळलेली, आतून ओली, आणि दुसऱ्या दिवशी मऊ. एका वेळी चार-पाचच सोडा. घाईनं दहा सोडल्या की तेल एकदम निवतं.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तळताना पदार्थातून वाफ जोरात बाहेर पडत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. बुडबुडे थांबले, पदार्थ बाहेर काढला, तो निवू लागला की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल कढईबाहेर आल्यावर मुरतं. म्हणून झाऱ्यावर चकली कढईवरच चांगली निथळू द्या, दोन हलके झटके द्या आणि लगेच जाळीवर उभी ठेवा. परातीत एकावर एक रचू नका.

भाजलेल्या चकल्यांबद्दल स्पष्टच सांगायचं तर त्या चकल्या लागत नाहीत. शंकरपाळे ओव्हनमध्ये बरे होतात, चिवडा तर न तळताच चांगला होतो. पातळ पोहे दोन-तीन तास उन्हात ठेवा, मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. मुठीत दाबले की चुरा झाला पाहिजे. आच मोठी ठेवली तर पोहे आक्रसतात. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप तळण्याऐवजी आधीच कोरडे भाजून घ्या. मग अर्धा किलो पोह्यांना १०० मिली तेलाची फोडणी पुरते. मीठ-पिठीसाखर शेवटी, पोहे कोमट असताना.

उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. त्यात नवं तेल मिसळून पुन्हा तळण काढू नका. तेल काळपट, चिकट झालं, फेसाळलं किंवा लवकर धुरायला लागलं की ते टाकायचंच. व्यावसायिक तळणीसाठी देशात २०१८पासून खराब तेलाची कायदेशीर मर्यादा आहे; घरच्या कढईला विचारणारं कुणी नसतं, एवढाच फरक.

बशी, चहा आणि आग्रह

फराळ न्याहारीच्या *ऐवजी*, न्याहारीनंतर नव्हे. एक लाडू, एक करंजी, दोन चकल्या, मूठभर चिवडा: बशी भरली की ७०० कॅलरींच्या घरात जाते. तासभर भराभर चालल्यावर ६०-६५ किलोच्या माणसाच्या अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात, तेव्हा ‘पर्वती चढून येऊ, मग खाऊ’ हे गणित बसत नाही. एक गोड, एक तिखट, एवढंच बशीत काढा, डब्याचं झाकण लावा, डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवा आणि मग बसा. सोबत मुगाचं धिरडं किंवा उसळ असली तर पोट भरतं. दिवाळी पहाटेनंतर मिसळ ठरलेलीच असेल तर त्या दिवशीचा फराळ संध्याकाळी.

भाऊबीजेला चार घरी जायचं असेल तर फराळापेक्षा चहा जास्त नडतो. कपाला दोन चमचे म्हणजे १० ग्रॅम साखर. चार घरांत ४०. दिवसभरात वरून घेतलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५पर्यंतच ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिल्याच घरी ‘मला बिनसाखरेचा’ म्हणून टाका. ‘नको’ म्हटल्यानं आग्रह वाढतो. ‘अर्धी करंजी द्या, तुमच्या सारणाची चव बघायचीये’ म्हटल्यावर काकू खूश होतात आणि उरलेली अर्धी भाच्याकडे जाते.

मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी

गूळ, मध, खजूर घातला म्हणून लाडू मधुमेहाला चालतो असं नाही, साखर वाढतेच. ‘शुगर फ्री’ मिठाईतही मैदा, खवा आणि तूप असतं. खायचंच तर जेवणाच्या शेवटी, लहान लाडू, आणि त्या जेवणातली एक पोळी किंवा तेवढा भात कमी करून. उपाशीपोटी नको. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जेवणानंतरचा आकडा १८०च्या आत असावा.

वाढलेल्या साखरेइतकीच उतरलेली साखर या दिवसांत धोक्याची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतलं, आणि पूजेचा मुहूर्त, पाहुणे, फोटो यात जेवण साडेनऊवर गेलं की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. साखर ७०च्या खाली दिसली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. अशा वेळी लाडू देऊ नका. तुपामुळे त्यातली साखर रक्तात हळू उतरते. जेवण उशिरा होणार असेल तर गोळीची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

रक्तदाबवाल्यांनी लाडवापेक्षा चिवडा, शेव आणि लोणच्यावर लक्ष ठेवावं. दिवसाचं मीठ सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत. गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या आधीच आणा. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बरेच दवाखाने बंद असतात.

मिठाई, पाणी, किल्ल्यातलं तळं

दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२०पासून बंधनकारक आहे. नसेल तर विचारा. खव्याची शंका असेल तर चिमूटभर खवा पाण्यात उकळून पूर्ण गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर पिठूळ भेसळ आहे. वर्ख बोटांत चोळला की चांदीचा विरून जातो, अ‍ॅल्युमिनियमचा विरत नाही. बासुंदी, रसमलाई दोन तासांपेक्षा जास्त फ्रिजबाहेर नको.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर गेला आणि रुग्णांच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. टँकरचं किंवा गढूळ पाणी असेल तर खळखळून एक मिनिट उकळू द्या. पाहुण्यांना द्यायचा सरबताचा बर्फही त्याच पाण्याचा हवा.

आणि मुलांचा किल्ला. त्यात तळं किंवा खंदक असतोच. डेंगीचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. मावळे मांडायच्या उत्साहात ते पाणी पंधरा दिवस तसंच राहतं. दर तीन-चार दिवसांनी तळं रिकामं करा, आतली कड फडक्यानं घासा (अंडी कडेला चिकटतात, पाणी ओतून जात नाहीत), मग भरा. पणत्या भिजत घातलेली बादली, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, हेही बघा. कोकणात जायच्या आधी तर नक्कीच.

धूर आणि चालणं

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे टेकडीवर जाऊ नका. थंडीत रात्रीची हवा जड होऊन खाली बसते आणि धूर तिच्यात अडकून राहतो. ऊन चांगलं वर आल्यावर, दहाच्या सुमारास तो विरळ होतो. त्या दोन दिवशी चालायला दहा ते चार ही वेळ बरी. दमेकऱ्यांनी इन्हेलरमध्ये किती डोस उरलेत ते आधीच पाहून ठेवावं.

अभ्यंगस्नानाला पहाटे चारला उठायचं तर आदल्या रात्री दहाला झोपा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. न्हाणीघरात तेल सांडलेल्या फरशीवर आजी-आजोबा घसरतात. प्रत्येकाच्या आंघोळीनंतर साबणाचं गरम पाणी ओतून फरशी घासा आणि ज्येष्ठांना स्टुलावर बसवून न्हाऊ घाला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उरलेला सगळा फराळ एका परातीत ओता. चार-पाच दिवसांत संपेल एवढाच डब्यात भरा. बाकीचा ताजा आहे तोवरच सोसायटीच्या वॉचमनना, घरकामाला येणाऱ्या मावशींना, ऑफिसात देऊन टाका. तीन आठवडे ठेवलेल्या तळणाला खवट वास येतो. तो आला की कुणालाच देऊ नका, ओल्या कचऱ्यात टाका.